तापमानाचा आलेख: रेषा, रंग आणि आधारकाळ

१९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल मिटिअरॉलॉजिकल सोसायटीपुढे गाय स्टुअर्ट कॅलेंडर यांनी एक निबंध वाचला. ते हवामानखात्यातले नव्हते. वाफेच्या तंत्रज्ञानावर काम करणारे अभियंते होते, आणि हवामानाचा अभ्यास ते नोकरी सांभाळून करत. जगभरातल्या दीडशे-दोनशे केंद्रांच्या तापमाननोंदी त्यांनी जमवल्या, सगळी आकडेमोड हाताने केली आणि त्यातून पृथ्वीच्या तापमानाची एक रेषा काढली. मागच्या पन्नास वर्षांत तापमान दरवर्षी सरासरी ०.००५ अंश सेल्सिअसने वाढले आहे, आणि त्याला कोळसा जाळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड बऱ्याच अंशी कारणीभूत आहे, असे त्यांचे म्हणणे. सभेला सर जॉर्ज सिम्पसन हजर होते. ब्रिटिश हवामानखात्याचे ते प्रमुख, आणि त्याआधी काही वर्षे भारतीय हवामानखात्यात सिमल्याला काम केलेले. त्यांनी मेहनतीचे कौतुक केले, पण दोन वाढींचा मेळ हा योगायोग असावा असे मत दिले.

२०१३ मध्ये एड हॉकिन्स आणि फिल जोन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी कॅलेंडर यांची रेषा आजच्या संगणकीय रेषेवर ठेवून पाहिली. दोन्ही जवळजवळ एकमेकींवर बसतात. ना संगणक, ना उपग्रह, केंद्रे मूठभर, आणि तरी हे कसे जमले? यातला मोठा वाटा कॅलेंडर यांनी आलेख काढण्याआधी घेतलेल्या निर्णयांचा आहे. तापमान सरळ मांडायचे की सरासरीपासूनचा फरक मांडायचा, सरासरी कुठल्या वर्षांची धरायची, दरवर्षीचे चढउतार दाखवायचे की दहा वर्षांची सरकती सरासरी काढायची. त्यांनी १९०१ ते १९३० हा आधारकाळ धरला आणि त्यापासूनचे फरक मांडले. पृथ्वीच्या तापमानाचा आलेख काढणाऱ्या प्रत्येकाला हेच निर्णय घ्यावे लागतात. आलेख पाहणाऱ्याला ते बहुधा दिसत नाहीत. या विषयावरचे निम्मे वाद त्यातून आले आहेत, आणि म्हणून या लेखात मी रेषेइतकेच तिच्यामागच्या निर्णयांकडे पाहणार आहे.

पहिला निर्णय फरकाचा. महाबळेश्वर आणि नागपूर यांच्या तापमानांची बेरीज करून दोनाने भागले तर जो आकडा येतो त्याला फारसा अर्थ नाही. एक केंद्र डोंगरावर, दुसरे सपाटीवर. उद्या महाबळेश्वरचे केंद्र बंद पडले तर ही ‘सरासरी’ एका दिवसात कित्येक अंशांनी उडी मारेल, आणि हवा मात्र तशीच असेल. त्याऐवजी प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या सरासरीशी केली, म्हणजे महाबळेश्वर नेहमीपेक्षा किती गरम आणि नागपूर नेहमीपेक्षा किती गरम असे विचारले, तर दोन्ही आकडे एकमेकांशी बोलू लागतात. नेहमीपेक्षा उष्ण गेलेला महिना सहसा एका गावापुरता नसतो, तो शेकडो किलोमीटरवर पसरलेला असतो. नासाच्या जेम्स हॅन्सन आणि सर्गेई लेबेडेफ यांनी १९८७ मध्ये दाखवले की असे फरक साधारण १२०० किलोमीटरपर्यंत एकमेकांशी मिळतेजुळते राहतात. थोड्या केंद्रांवरून पृथ्वीचा अंदाज बांधता येतो तो याच गुणामुळे. कॅलेंडर यांचे जमले त्याचे कारणही हेच.

फरक काढायचा म्हटला की दुसरा प्रश्न लगेच येतो: कशापासून? इथे संस्थांचे एकमत नाही. नासा १९५१–१९८० ची सरासरी धरते. ब्रिटनची हॅडक्रट ही मालिका १९६१–१९९० धरते, अमेरिकेची नोआ ही संस्था विसाव्या शतकाची सबंध सरासरी घेते, आणि पॅरिस कराराच्या संदर्भात सगळे १८५०–१९०० कडे जातात, कारण औद्योगिक युगाआधीच्या हवेच्या त्यातल्या त्यात जवळचा, थर्मामीटरने मोजलेला काळ तोच. आधारकाळ बदलला की रेषेचा आकार बदलत नाही. शून्याची आडवी रेघ तेवढी वरखाली सरकते. गणिताच्या दृष्टीने हा क्षुल्लक फरक आहे, वाचकाच्या दृष्टीने मुळीच नाही.

याचे ताजे उदाहरण आपल्या घरचेच आहे. २०२४ संपल्यावर भारतीय हवामान विभागाने जाहीर केले की देशाचे सरासरी तापमान नेहमीपेक्षा ०.६५ अंशाने जास्त होते आणि १९०१ पासूनचे ते सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्याच महिन्यात जागतिक हवामान संघटनेने सांगितले की पृथ्वीचे तापमान १.५५ अंशांनी जास्त होते. दोन्ही बातम्या शेजारीशेजारी वाचणाऱ्याचा समज काय होणार? जग दीड अंशाने तापले, भारत मात्र जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाने. पण भारताचा आकडा १९९१–२०२० या सरासरीपासूनचा आहे, जगाचा १८५०–१९०० पासूनचा. युरोपच्या कोपर्निकस सेवेने जगाचा २०२४ चा फरक १९९१–२०२० पासूनही दिला आहे, तो ०.७२ अंश. म्हणजे ०.६५ च्या शेजारी ठेवायचा आकडा ०.७२ हा आहे. भारत जगाच्या सरासरीपेक्षा थोडा सावकाश तापला हे खरे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालात १९०१ ते २०१८ या काळातली वाढ सुमारे ०.७ अंश दिली आहे आणि हवेतल्या धूलिकणांनी व जमिनीच्या बदललेल्या वापराने ही वाढ काही प्रमाणात झाकली गेल्याचे म्हटले आहे. पण हा फरक ‘दीड आणि पाऊण’ एवढा मोठा नाही. वर्तमानपत्रात आलेखाखाली आधारकाळ छापायला अर्धी ओळ पुरते. ती अर्धी ओळ बहुतेक वेळा गळते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

आकडे जमवण्याची बाजू तर याहून गुंतागुंतीची. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्र, आणि समुद्राचे तापमान शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणी घेतले? बोटींवरच्या खलाशांनी. बादली दोराने समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचे, त्यात थर्मामीटर बुडवायचा. बादली कॅनव्हासची असेल तर वर येईपर्यंत वाऱ्याने बाष्पीभवन होऊन पाणी गार होते; लाकडी बादलीत ते कमी गार होते. पुढे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवण्याची पद्धत आली. तिथे पाणी इंजिनघराच्या उबेने किंचित गरम. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावून बादली ओढणे धोक्याचे होते, शिवाय नोंदी मुख्यतः अमेरिकन बोटींकडून येत होत्या आणि त्या इंजिनघरात मोजत. १९४५ मध्ये युद्ध संपले, ब्रिटिश बोटी पुन्हा समुद्रात उतरल्या, बादल्या परतल्या, आणि जगाच्या आलेखात समुद्र एकाएकी सुमारे ०.३ अंशाने थंड झालेला दिसू लागला. समुद्राचे काही झाले नव्हते. २००८ मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये ही खाच नेमकी दाखवून दिली.

अशा खाचा भरण्यासाठी आकड्यांत दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि ‘दुरुस्ती’ हा शब्द कानावर पडला की अनेकांना शंका येते. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. समुद्राच्या जुन्या नोंदी दुरुस्तीत वर जातात, कारण बादल्यांनी त्या थंड दाखवल्या होत्या. परिणामी सबंध पृथ्वीचा विचार केला तर दुरुस्त्यांनंतर दिसणारी दीर्घकालीन तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा थोडी कमीच निघते. वाढ फुगवण्यासाठी आकडे बदलले असा आरोप करणाऱ्यांनी कच्च्या आणि दुरुस्त रेषा एकाच आलेखावर पाहाव्यात. रिचर्ड म्युलर या भौतिकशास्त्रज्ञाने असेच केले. जुन्या मालिकांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी बर्कले अर्थ हा प्रकल्प उभा केला, त्याला तेल उद्योगातल्या कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचाही पैसा मिळाला, कितीतरी जास्त केंद्रे घेऊन नव्याने गणित झाले, शहरांच्या उष्णतेने रेषा चढते का हेही तपासले गेले. निष्कर्ष तोच आला, आणि २०१२ मध्ये म्युलर यांनी आपले मत बदलल्याचे जाहीरपणे लिहिले. वेगवेगळ्या गटांच्या रेषा एकाच चौकटीत एकत्र दाखवणारा आलेख मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. तो देखणा नसतो, रेषा एकमेकींत अडकलेल्या असतात, आणि नेमके तेच त्याचे सांगणे असते.

नोंदी नसलेल्या जागांचे काय करायचे, हाही निर्णयच. उत्तर ध्रुवाभोवती केंद्रे नगण्य. ब्रिटनच्या जुन्या मालिकेत हा भाग रिकामा सोडला जाई. रिकामा म्हणजे तटस्थ, असे वाटते, पण सरासरी काढताना रिकामी जागा ही उरलेल्या जगासारखीच वागते असे आपोआप धरले जाते. आर्क्टिक मात्र १९७९ पासून जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापले आहे. केव्हिन काउटन या स्फटिकशास्त्रज्ञाने रॉबर्ट वे यांच्याबरोबर ही रिकामी जागा शेजारच्या नोंदी आणि उपग्रह यांच्या साहाय्याने भरून दाखवली, तेव्हा १९९७ नंतरची वाढ बरीच जास्त निघाली. पुढे हॅडक्रटच्या पाचव्या आवृत्तीनेही जागा भरण्याची पद्धत स्वीकारली.

आता उभ्या अक्षाकडे येऊ. १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिस करार झाला आणि दोनच दिवसांनी अमेरिकेतल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ नियतकालिकाने ट्विटरवर एक आलेख टाकला. १८८० पासूनचे जागतिक सरासरी तापमान, आकडे खरे, पण उभा अक्ष उणे १० पासून ११० अंश फॅरनहाइटपर्यंत. रेषा जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठीसारखी सपाट दिसत होती. हवामानबदलाविषयी हा एकच आलेख पाहिला की पुरे, असा त्याचा दावा. आकडा एकही खोटा नव्हता, आणि तरीही आलेख दिशाभूल करणारा होता.

अक्ष शून्यापासून सुरू झाला पाहिजे असा एक नियम शाळेपासून मनात बसलेला असतो. उंच-बुटक्या स्तंभांच्या आलेखात तो योग्यच आहे. तापमानाच्या रेषेला तो लागू होत नाही, कारण सेल्सिअसचे शून्य म्हणजे पाण्याचा गोठणबिंदू आणि फॅरनहाइटचे शून्य आणखी वेगळे. केल्विनमध्ये शून्यापासून आलेख काढला तर हिमयुगसुद्धा दिसेनासे होईल. उदाहरण घ्यायचे तर कोयना धरणाची पाणीपातळी बातम्यांत फुटांत येते आणि ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. धरण काठोकाठ भरले म्हणजे २१६३ फुटांच्या आसपास. ती पातळी शंभरेक फुटांनी उतरली तर शून्यापासून काढलेल्या आलेखात रेघ हललीसुद्धा नाही असे वाटेल, आणि तेव्हा साठा मात्र तळाला गेलेला असतो. अक्षाची लांबी त्या गोष्टीच्या स्वाभाविक चढउतारावरून ठरवायची असते. पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा स्वाभाविक चढउतार किती? सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावर काही किलोमीटर जाडीचे बर्फ होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हाचे जागतिक सरासरी तापमान औद्योगिक युगाआधीच्या मानाने पाच ते सहा अंशांनीच कमी होते. ज्या मोजपट्टीवर पाच-सहा अंश म्हणजे अख्खे हिमयुग, तिथे दीड अंश लहान कसा म्हणायचा?

हाच मुद्दा एका चित्रकाराने कुठल्याही अहवालापेक्षा चांगला पोचवला असे माझे मत आहे. रँडल मन्रो हे ‘एक्सकेसीडी’ नावाची चित्रमालिका काढतात. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी इसवी सनापूर्वी २० हजार वर्षांपासूनची तापमानरेषा उभी काढली: काळ वरून खाली, तापमान डावी-उजवीकडे. वाचक खाली सरकत राहतो, बर्फ वितळते, शेती सुरू होते, लिपी जन्मते, साम्राज्ये येतात-जातात, आणि ठिपक्यांची रेषा सुस्तपणे थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. खाली सरकण्यात वाचकाचा खरोखरीचा वेळ जातो, त्यामुळे हा संथपणा त्याला जाणवतो. तळाशी, शेवटच्या बोटभर जागेत, रेषा उजवीकडे फेकली जाते. आलेखाची दिशा फिरवणे एवढाच हा निर्णय, पण त्याने काळाची लांबी डोळ्यांना कळते. प्राचीन काळाचे अंदाज थर्मामीटरइतके बारीक नसतात आणि लहान उड्या त्यात गुळगुळीत होऊन जातात, ही मर्यादाही मन्रो यांनी चित्रातच, योग्य जागी, लिहून ठेवली आहे.

हजार वर्षांच्या आलेखाची कथा मात्र इतकी सुखाची नाही. १९९० च्या आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, पहिल्या अहवालात मागच्या हजार वर्षांचे एक ढोबळ रेखाटन होते. मध्ययुगात एक फुगवटा, मग ‘लहान हिमयुगा’चा खळगा. हवामानशास्त्रज्ञ ह्यूबर्ट लॅम्ब यांच्या मध्य इंग्लंडविषयीच्या कामावरून ते आले होते, पण पाहणाऱ्यांनी ते साऱ्या जगाचे मानले. १९९८ आणि १९९९ मध्ये मायकेल मान, रेमंड ब्रॅडली आणि माल्कम ह्यूज यांनी झाडांची वर्तुळे, प्रवाळ, बर्फाचे गाभे अशा पुराव्यांवरून उत्तर गोलार्धाची हजार वर्षांची रेषा काढली. नऊशे वर्षे हळूहळू उतरणारा दांडा आणि विसाव्या शतकात एकदम वर उचललेले पाते. हवामानशास्त्रज्ञ जेरी माल्मन यांनी त्याला ‘हॉकी स्टिक’ म्हटले आणि २००१ च्या अहवालानंतर तो आलेख जगभर पोचला.

त्या आलेखात रेषेभोवती एक रुंद राखाडी पट्टा होता. जितके मागे जावे तितका तो रुंद. खरे तापमान या पट्ट्यात कुठेही असू शकेल, असे तो सांगत होता. १९९९ च्या निबंधाच्या शीर्षकातच अनिश्चितता आणि मर्यादा हे शब्द आहेत. पण आलेख अहवालातून निघून भाषणांत आणि वर्तमानपत्रांत गेला तेव्हा बऱ्याच ठिकाणी पट्टा गळला आणि रेषा उरली. टीकाकारांनी सांख्यिकी पद्धतीवर आक्षेप घेतले, अमेरिकन काँग्रेसपर्यंत प्रकरण गेले. २००६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने निर्वाळा दिला: विसाव्या शतकाच्या अखेरीची उष्णता मागच्या चारशे वर्षांत सर्वाधिक, हे खात्रीने सांगता येते, इसवी सन ९०० ते १६०० विषयी खात्री कमी, हजार वर्षांचे विधान संभाव्य. पुढे २०१९ मध्ये ‘पेजेस टू-के’ या आंतरराष्ट्रीय गटाने दोन हजार वर्षांच्या पुराव्यांवर सात वेगवेगळ्या सांख्यिकी पद्धती चालवल्या. दांडा आणि पाते सगळ्यांत दिसले.

या कथेतला सर्वांत दुखरा प्रसंग मात्र दुसऱ्याच एका आलेखाचा. १९९९ च्या सुमारास जागतिक हवामान संघटनेच्या एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी हजार वर्षांच्या रेषा काढल्या गेल्या. उत्तरेकडच्या काही झाडांची वर्तुळे १९६० नंतर तापमानाशी जुळेनाशी झाली होती. शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते आणि निबंधांत त्याची चर्चाही झाली होती. मुखपृष्ठावर मात्र तो न जुळणारा तुकडा कापून तिथे थर्मामीटरचे आकडे जोडले गेले, आणि तसे केल्याचे तिथे लिहिले नाही. २००९ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठातली ईमेल चोरून उघड केली गेली तेव्हा याचे वादळ झाले. २०१० च्या चौकशीने शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली नाही, पण तो आलेख दिशाभूल करणारा होता असे स्पष्ट म्हटले, कारण तोडजोड वाचकाला सांगितली नव्हती. मला ही चौकशी बरोबर वाटते. निष्कर्ष खरा होता म्हणून हे चालून जायला नको. एका मुखपृष्ठाच्या सुबकपणासाठी कितीतरी जणांचा कितीतरी वर्षांचा विश्वास खर्ची पडला.

आडवा अक्षही निरुपद्रवी नसतो. १९९८ हे प्रबळ एल निनोचे वर्ष, म्हणून विलक्षण उष्ण. आलेख तिथूनच सुरू केला की पुढची पंधराएक वर्षे जवळजवळ सपाट दिसतात. २०१३ च्या आयपीसीसी अहवालानेही १९९८–२०१२ चा वेग दशकाला ०.०५ अंश दिला. १९५१–२०१२ चा ०.१२. ‘तापमानवाढ थांबली’ ही घोषणा या खिडकीतून आली. १९९७ किंवा १९९९ पासून सुरुवात केली तर उतार लगेच बदलतो, आणि सुरुवातीचे एक वर्ष बदलून जो निष्कर्ष उलटतो तो निष्कर्ष कच्चा. काही वर्षांच्या चढउतारांत प्रशांत महासागराच्या या एल निनोच्या हेलकाव्याचा मोठा हात असतो. मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या धडपडीतून त्या हेलकाव्याची वायुदाबाची बाजू ज्यांनी ओळखली ते गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामानखात्याचे प्रमुख होते, मुक्काम सिमला. 

आता रंग. २०१६ च्या मे महिन्यात एड हॉकिन्स यांनी, म्हणजे कॅलेंडर यांची रेषा तपासणाऱ्या रीडिंग विद्यापीठातल्या त्याच शास्त्रज्ञाने, महिन्यामहिन्याचे तापमान गोल फिरत बाहेर जाणाऱ्या सर्पिलात मांडले. तीनच महिन्यांनी रिओ ऑलिम्पिकच्या उद्घाटनात त्याचे एक रूप जगाने पाहिले. २०१८ मध्ये त्यांनी आणखी धाडस केले: अक्ष काढून टाकले, आकडे काढून टाकले, रेषाही काढून टाकली. प्रत्येक वर्षाची एक उभी पट्टी, थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल. कल्पनेच्या मागे त्यांच्या सहकारी एली हायवुड यांनी विणलेली एक गोधडीवजा लोकरी चादर होती, तिच्यातही प्रत्येक वर्षाला एक रंग. या पट्ट्या मग ‘द इकॉनॉमिस्ट’च्या मुखपृष्ठावर आल्या, ग्रेटा थुनबर्ग यांच्या पुस्तकावर आल्या, रीडिंगच्या फुटबॉल संघाच्या बाह्यांवर आल्या.

पट्ट्यांविषयी माझे मत दुहेरी आहे. आलेख पाहूनच दचकणाऱ्या माणसाला त्या थांबवतात, आणि हे काम दुसऱ्या कुठल्याच आकृतीला इतके साधलेले नाही. रंगांची निवडही विचारपूर्वक आहे. सिंथिया ब्रुअर यांनी नकाशांसाठी बांधलेल्या रंगपट्टीतले निळे आणि लाल त्यात आहेत, आणि लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांनाही ते वेगळे ओळखता येतात. हवामानाच्या नकाशांत वर्षानुवर्षे चालत आलेली इंद्रधनुषी रंगपट्टी याच कारणासाठी टाकून द्यायला हवी. शिवाय पिवळ्याची झळाळी डोळ्यांना अशा ठिकाणी सीमा दाखवते जिथे आकड्यांत काहीच घडलेले नसते. पण पुरावा म्हणून पट्ट्या अपुऱ्या आहेत. किती अंश, कशाच्या मानाने, किती खात्रीने, यातले काहीच त्या सांगत नाहीत. निळा रंग पाहून १९१० चे लोक गारठत होते असे वाटते. प्रत्यक्षात ती वर्षे मधल्या कुठल्या तरी सरासरीपेक्षा थंड, एवढेच. भिंतीवर पट्ट्या लावाव्यात, पण वर्गात शिकवताना शेजारी अनिश्चिततेच्या पट्ट्यासकटची रेषा असलीच पाहिजे.

२०२३ पासून आणखी एक प्रकार घराघरांत पोचला: रोजच्या तापमानाचा आलेख. आधीच्या सगळ्या वर्षांच्या फिक्या रेषांचा जुडगा आणि त्याच्या वर, सुटी पडलेली, चालू वर्षाची जाड रेषा. इथे फरक नसून प्रत्यक्ष अंश असतात, त्यामुळे एक गोष्ट अनेकांना प्रथमच दिसली की पृथ्वीची सरासरी वर्षाच्या आतही चढते-उतरते आणि जुलैत शिखर गाठते. उत्तर गोलार्धात जमीन जास्त आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून. कोपर्निकसच्या नोंदीत २२ जुलै २०२४ ला १७.१६ अंशांचा उच्चांक झाला. या आलेखांनी ताजेपणा आणला, पण रोज नवा विक्रम पाहायची सवयही लावली. कल दहा-वीस वर्षांत वाचायचा असतो. रोजची रेषा हे त्याचे वाचन नव्हे.

मराठी वर्तमानपत्रांचा उन्हाळाही याच सवयीचा. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, अकोला, जळगावचे कमाल आकडे ठळक छापून येतात. ते छापलेच पाहिजेत, उन्हात काम करणाऱ्याला त्यांची गरज आहे. पण एका दिवसाच्या कमाल आकड्यातून कल कळत नाही, आणि रात्रीचे किमान तापमान तर कोपऱ्यात जाते, जिथे शरीराला विश्रांती मिळाली की नाही हे ठरते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून हवेच्या पद्धतशीर नोंदी होत आल्या आहेत. इतक्या लांब मालिका आशियात मोजक्याच. महाराष्ट्रातल्या रात्री गेल्या शंभर वर्षांत किती बदलल्या, हे गावागणिक एका रेषेत दाखवणारे, आधारकाळ आणि केंद्राचे स्थलांतर खाली लिहिलेले आलेख दर उन्हाळ्यात पहिल्या पानावर यावेत, असे मला फार वाटते.

सगळ्यांत अवघड आलेख मात्र अजून काढायचा आहे. पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा ओलांडली, असे कधी म्हणायचे? २०२४ चे १.५५ अंश हे एका वर्षाचे, आणि त्यात एल निनोचा वाटा आहे. करारातला अर्थ दीर्घ सरासरीचा. आयपीसीसी वीस वर्षांची सरासरी घेते, पण वीस वर्षांच्या मधोमध असलेल्या वर्षाविषयी निकाल द्यायचा तर दहा वर्षे थांबावे लागते. सरकत्या सरासरीची रेषा आजच्या तारखेच्या दहा वर्षे आधीच संपते, आणि गरज नेमकी त्या संपलेल्या टोकाची आहे. ब्रिटिश हवामानखात्याच्या रिचर्ड बेट्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये सुचवले की मागची दहा वर्षे मोजलेली आणि पुढची दहा वर्षे अंदाजाची अशी जोड करून आजची सरासरी काढावी. जागतिक हवामान संघटनेने २०२४ साठी वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले दीर्घकालीन वाढीचे अंदाज १.३४ ते १.४१ अंशांच्या दरम्यान आहेत. कुठली पद्धत अधिकृत मानायची हे देशांनी अजून ठरवलेले नाही. बेट्स यांची पद्धत निवडली गेली तर तिच्यात अर्धी रेषा घडलेल्या काळाची आणि अर्धी न घडलेल्या काळाची असेल. दोन्ही एकाच रंगात काढायच्या नाहीत, एवढे तरी आतापासून ठरवता येईल.